झाकलं तोंड सव्वा लाखाचं

"आठ," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे चांगलं की वाईट?" ग्योंगरानबाईंनी विचारलं.

"वीस तरी हवं. तीस असलं तर उत्तम. तुमच्या रक्तात व्हिटॅमिन डी आठ आहे. तळघरातल्या पार्किंगचा एक रखवालदार येतो माझ्याकडे, त्याचं अकरा आहे."

मागच्या खुर्चीवर बसलेले यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले बांगसाहेब, खुदकन हसले. बाईंनी मान न वळवता त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात ही कला जमते. बांगसाहेब लगेच भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता वाचू लागले.

"अहो डॉक्टर, मला सर्दीचं औषध द्या. हे डी-बी कशाला?"

"डी हे सर्दीचं औषध नाहीच. शरीरात जंतूंवर पहारा करणाऱ्या पेशी असतात. त्यांना नीट कामाला लागायला डी लागतं. ते नसलं की पहारेकरी असतात, पण पेंगत असतात. चोर येतो, जेवतो, मुक्कामाला राहतो. तुमच्याकडे या हिवाळ्यात चार वेळा राहून गेला."

चार वेळा हे खरं होतं, आणि त्यातल्या दोन वेळा भलत्याच नडल्या होत्या. बाईंची एकुलती एक मुलगी हेवोन शाळेत गणित शिकवते. तेहेतिसाव्या वर्षी तिला एकदाचा एक मुलगा पसंत पडला. इन्प्यो नाव. मुलगा सरळ, कमावता, आणि आजवर हेवोनला उलट बोललेला नाही, म्हणजे दीर्घकाळ टिकणारा. आता दोन्हीकडच्या आईवडिलांनी हॉटेलातल्या बंद खोलीत समोरासमोर ताठ बसायचं, थोडं जेवायचं, पुष्कळ कौतुक करायचं आणि तारीख ठरवायची, एवढंच उरलं होतं. ही व्याहीभेट झाल्याशिवाय कोरियातल्या या छंग्जू शहरात कुणाचं लग्न ठरत नाही. जानेवारीत दिवस ठरला, तेव्हा बाईंना सणसणून ताप. मार्चमध्ये ठरला, तेव्हा असा खोकला की वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला खाली आले. तिसरा दिवस जूनचा पहिला शनिवार होता.

"आई, आता जर पुढे ढकललं ना," हेवोन म्हणाली होती, "तर इन्प्योची आई म्हणणार, या लोकांना लग्नच नकोय. ती आत्ताच म्हणायला लागलीय."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, "शिवाय ऊन. रोज वीस मिनिटं. चेहरा आणि हात उघडे ठेवून."

"उघडे?" बाईंनी अशा स्वरात विचारलं की डॉक्टरांनी उगाचच टाय सरळ केला.

ग्योंगरानबाईंना जगात दोनच गोष्टींची भीती होती, मुलगी बिनलग्नाची राहील ही आणि चेहऱ्यावर वांग येईल ही. पंचवीस वर्षांपूर्वी समुद्रावर एक दुपार काढली आणि उजव्या गालावर वाटाण्याएवढा डाग आला. तेव्हापासून त्यांनी उन्हाशी बोलणं टाकलं होतं. पण लेकीसाठी आई काय करत नाही? दुसऱ्या दिवसापासून त्या बंद गॅलरीत काचेआड खुर्ची टाकून बसू लागल्या. ऊन येत होतं, वारा येत नव्हता, चेहऱ्याला जाड क्रीम होतं. सगळं झकास चाललं होतं. आठव्या दिवशी बांगसाहेबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"अगं, हे ऐक. काचेतून येणाऱ्या उन्हानं डी तयार होत नाही म्हणे. कामाचे किरण काच अडवते."

"आठ दिवस मी इथे भाजतेय आणि हे आज सांगताय?"

"छापलंच आज. मी काय करू?"

मग बाई बाहेर पडल्या. डोक्यावर उन्हाच्या टोपीची कपाळापासून हनुवटीपर्यंत येणारी काळी झडप, तिच्याखाली डोळ्यांपर्यंत मास्क, दंडापासून बोटांपर्यंत बाह्या, त्यांवर हातमोजे, आणि या सगळ्याच्या आत पुन्हा क्रीम.

"फिरायला निघालीस की बँक लुटायला?" बांगसाहेबांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले उन्हात जा. चालले उन्हात. अजून काय हवंय?"

मुशिम नदीच्या काठी सकाळी दहाला जी बायकांची वर्दळ असते, ती सगळी याच गणवेशात. कोण कोणाची कोण, काही पत्ता लागत नाही. तिसऱ्या दिवशी बाईंना पुढे एक जांभळी झडप दिसली. नवव्या मजल्यावरची शेजारीण! बाईंनी जाऊन पाठीत धपाटा घातला, "काय गं, नवऱ्याला सोडून एकटीच?"

झडप वळली. आतून भलताच आवाज आला. "आहेत हो नवरा. घरी झोपलेत. पण तुम्ही कोण?"

"अगंबाई! चुकलेच की मी. माफ करा हं."

"असू द्या. मी काल एकीला जाऊ समजून सासूबद्दल नाही नाही ते बोलून बसले. कुठल्या प्राण्याच्या वर्षात जन्मलात तुम्ही?"

"वाघाच्या."

"मी बैलाच्या, म्हणजे वर्षानं मोठी. मग मी ताई. चल, अहो-जाहो बंद."

झालं, मैत्री जमली. नाव विचारायचं कारण नव्हतं, चेहरा दिसायचा प्रश्न नव्हता. आणि चेहरा दिसत नसला की माणूस किती खरं बोलतो, हे ज्यानं मास्क काढला नाही त्यालाच कळेल. दहा दिवसांत गुडघे झाले, नवरे झाले, जावा झाल्या. अकराव्या दिवशी ग्योंगरानबाईंनी होणाऱ्या विहिणीला हात घातला.

"मुलगा एवढा घोडा झालाय, ताई, पण आई अजून दर रविवारी त्याला किमचीचे डबे पोचवते. डब्यांवर तारखा लिहून! लग्नानंतर माझी मुलगी काय त्या डब्यांचा हिशेब ठेवत बसणार?"

"असतात बाई असल्या," ताई कळवळून म्हणाल्या. "मुलगा सोडवतच नाही त्यांना. माझ्याकडूनही जातात तीन-चार डबे, पण ते वेगळं. ते प्रेमानं."

"तुमचं वेगळंच हो."

"आता माझी विहीण ऐक. होणारी. दोनदा व्याहीभेट मोडली बयेनं. का, तर म्हणे सर्दी! एकदा ताप, एकदा खोकला. मी म्हणते, या घराण्याच्या अंगात काही दमच नाही. प्रतिकारशक्ती म्हणून औषधालासुद्धा नाही! उद्या नातवंडं झाली, की जन्मतःच शिंकणार."

ग्योंगरानबाई मनापासून हसल्या. मैत्रिणीची बाजू घ्यायची नाही तर मैत्रीण कशाला?

"ताई, सर्दी हे निमित्त हो! ज्यांना यायचं असतं ते तापातही येतात. मी तुमच्या जागी असते ना, तर केव्हाच मोडलं असतं. मोडून टाका!"

"असं म्हणतेस?"

"म्हणते म्हणजे? मोडाच. सोन्यासारखा मुलगा तुमचा, त्याला काय मुली मिळणार नाहीत?"

"सोन्यासारखाच गं," ताई म्हणाल्या. "रेल्वेत सिग्नल बघतो. एवढ्या गाड्यांची जबाबदारी, पण तोंडातून ब्र नाही. खायचीसुद्धा कटकट नाही. एक काकडी तेवढी ताटात आली की उठून जातो."

ग्योंगरानबाईंचे पाय जागच्या जागी खिळले. रेल्वे. सिग्नल. काकडी. इन्प्योही रेल्वेत सिग्नलच बघतो. आणि परवाच हेवोननं बजावलं होतं, हॉटेलात आधीच सांग, आई, काकडी आणू नका, इन्प्यो उठून जातो. जगात काकडी न खाणारे पुष्कळ असतील, सिग्नल बघणारेही असतील, पण दोनदा मोडलेल्या व्याहीभेटीसकट तिन्ही एकाच ठिकाणी? बाईंच्या अंगावर, एवढ्या उन्हात, काटा आला. स्वतःच्या मुलीचं लग्न मोडायचा सल्ला त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिला होता, आणि तोही दोनदा, ठासून.

"काय झालं गं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. बूट... बुटात खडा गेला."

त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. खरं सांगावं तर लग्न गेलं. न सांगावं तर ताई सल्ला मानायच्या. शेवटी त्यांनी ठरवलं, जे तोंडानं बिघडवलं ते तोंडानंच सुधारायचं, आणि तोंड मात्र दाखवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ताईंना गाठूनच बोलायला लागल्या. "ताई, मी रात्रभर विचार केला. बिचारीची चूक नाही हो. व्हिटॅमिन डी कमी असेल तिचं."

"कुणाचं?"

"तुमच्या विहिणीचं! डी कमी असलं की अंगातले पहारेकरी पेंगतात. माणूस कितीही चांगला असो, सर्दी धरते. त्यात घराण्याचा काय दोष? उलट असली माणसं मनानं फार हळवी असतात. मुलीवर संस्कार चांगले करतात."

"काल तर मोडा म्हणत होतीस."

"काल मला डीबद्दल माहीत नव्हतं."

 ताई म्हणाल्या, "बरं, तू म्हणतेस म्हणून शनिवारपर्यंत थांबते. पण त्या दिवशी एक जरी शिंक आली ना समोरून, की मी पर्स उचलून उठले म्हणून समज. मुलालाही सांगून ठेवलंय तसं. आणि डी कमी आहे तर बसावं की उन्हात! उन्हाला भिणाऱ्या बायका मला मुळीच आवडत नाहीत."

हे ताई मास्क, झडप, बाह्या आणि हातमोजे यांच्या आतून म्हणाल्या.

आता इलाज नव्हता. ग्योंगरानबाई घरी आल्या आणि त्यांनी तोंड धुतलं. क्रीम काढलं, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि पार्किंगमागच्या बाकावर उघड्या चेहऱ्यानं जाऊन बसल्या. डोळे गच्च मिटून, वीस मिनिटं, दात काढून घ्यायला बसावं तशा. अकराव्या मिनिटाला रखवालदार आला.

"बाई, कोणाकडे आलात? बाहेरच्यांना इथे बसता येत नाही."

"अरे, मी! अकराशे चार!"

"अकराशे चारमधल्या बाईंना मी बारा वर्षं ओळखतो," रखवालदार शांतपणे म्हणाला. "त्यांना तोंड नाही."

बांगसाहेबांना खाली बोलावून ओळख पटवावी लागली. त्यांनीही, बाईंच्या मते, जरा जास्तच वेळ निरखून पाहिलं.

ऊन झालं, गोळी चालू झाली, पण आवाजाचं काय? चेहरा ताईंनी पाहिला नव्हता. हेवोननं त्यांना दाखवलेला बाईंचा फोटो होता, पण तो मोबाइलनं वीस वर्षं पुसून काढलेला. समोरच्या बाजूनं आलेला विहिणीचा फोटोही तसलाच, त्यावरून फक्त ती बाई आहे एवढं कळत होतं. पण आवाज? शनिवारी तोंड उघडलं की संपलं. म्हणून बाईंनी घरात बारीक, खानदानी आवाजात बोलायचा सराव सुरू केला.

"अहो, जरा मीठ देता का?"

बांगसाहेबांचा चमचा ताटात पडला. "घसा बसला? पुन्हा?"

"मुळीच नाही हो. मी बरी आहे."

"हेवोन! आईचा आवाज गेला!"

हेवोन धावत आली. मध घालून वाफवलेली नासपती आली, आल्याचा काढा आला, गळ्याभोवती रुमाल आला. बाई बारीक आवाजात "मला काही झालेलं नाही" म्हणत राहिल्या, आणि जितक्या वेळा म्हणाल्या तितका घरातल्यांचा धीर सुटत गेला. हेवोननं रडत इन्प्योला फोन केला. इन्प्यो आजवर कोणाशीच खोटं बोललेला नसल्यामुळे आईशीही खोटं बोलला नाही, सगळं सांगून मोकळा झाला.

"ऐकलंस?" सकाळी नदीकाठी ताई तणतणत आल्या. "आवाज गेला म्हणे आता! आठ दिवस राहिलेत आणि बाईंचा आवाज गेला!"

"गेला नाहीये हो! बारीक झालाय नुसता!"

ताई थांबल्या. झडप हळूहळू वळली.

"बारीक झालाय हे तुला कुणी सांगितलं?"

"अंदाज," ग्योंगरानबाई म्हणाल्या. "असतात काही आवाज बारीक."

 त्या दिवशी ताई गुडघा दुखतोय म्हणून पुलापासूनच परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. जांभळी झडप दिसली की ग्योंगरानबाई धावत जायच्या, आत दुसरीच कोणी असायची. संपलं, त्यांना वाटलं. ओळखलंन मला. आता शनिवारी कोणी येणारच नाही. हेवोनला काय सांगू? सर्दीनं नाही मोडलं गं, माझ्या जिभेनं मोडलं? स्वयंपाकघराचं दार लावून त्या एकदा खूप रडल्या. मग दुपारी उठून पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. दुसरं काही हातात नव्हतं.

शनिवार उजाडला. उन्हानं म्हणा, गोळीनं म्हणा की जून लागला म्हणून म्हणा, बाईंना शिंक सोडा, साधी खाजही नव्हती नाकाला. फक्त उजव्या गालावरच्या वाटाण्याला डाव्या गालावर एक भावंड झालं होतं. दोन थर पावडर लावूनही दोघं एकमेकांना बघत होती.

हॉटेलच्या खोलीचं दार सरकलं आणि मेंग मंडळी आत आली. पुढे मेंगसाहेब, मागे इन्प्यो, आणि त्याच्या मागे इन्प्योची आई, योंगसुनबाई. ग्योंगरानबाईंनी छातीवर दगड ठेवून वर पाहिलं. समोरच्या बाईंचा चेहरा भाजक्या जवासारखा तांबूस झाला होता, नाकाचा शेंडा सोलवटला होता आणि दोन्ही गालांवर पावडरीतून वांग डोकावत होते.

"भेटून फार आनंद झाला," योंगसुनबाई अतिशय बारीक, खानदानी आवाजात म्हणाल्या.

"आनंद आम्हाला झाला," ग्योंगरानबाई त्याहून बारीक आवाजात म्हणाल्या.

दोन्ही नवऱ्यांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे. बांगसाहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. भोपळ्याची लापशी आली, मुळ्याचं लोणचं आलं, मासे आले. मेंगसाहेब हवेबद्दल बोलले. बांगसाहेब पोस्टाच्या काळातल्या हवेबद्दल बोलले. दोन्ही विहिणी चिमणीसारख्या खात होत्या आणि ताटाखेरीज कुठेही बघत नव्हत्या.

"आम्ही एक ठरवलंय," हेवोननं शेवटी हिंमत केली. "लग्न हॉलमध्ये नको. ऑगस्टमध्ये, मोकळ्या हिरवळीवर, दुपारी बारा वाजता—"

"उन्हात?!" दोन्ही विहिणी एकदम ओरडल्या. आपापल्या खऱ्या, दणदणीत, नदीकाठच्या आवाजात.

 इन्प्यो आईकडे बघत राहिला. हेवोन म्हणाली, "आई, तुझा आवाज आला!" मेंगसाहेब म्हणाले, "अरे वा, तुझाही आला." मग पुरुषमंडळी आणि मुलं घाईघाईनं मोबाइलवर हॉल शोधायला लागली, आणि योंगसुनबाईंनी चॉपस्टिकनं माशाचा सगळ्यात चांगला तुकडा उचलून समोरच्या वाटीत ठेवला.

"सहा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"काय?"

"माझं डी. तू त्या सर्दीवालीची एवढी वकिली केलीस, म्हटलं आपलंही बघावं. सहा निघालं. म्हणून बसले गच्चीवर. कुणाला सांगू नकोस."

"माझं आठ," ग्योंगरानबाईंना क्षणभर बरं वाटलं, मग लाज वाटली. "ताई, मी ते मोडा म्हटलं ना..."

"आणि मी मोडणार होते. अगदी त्याच दिवशी. मग दुसऱ्या दिवशी तू एका अनोळखी बाईसाठी इतकी भांडलीस, की मला वाटलं, ही लग्नात आपल्या बाजूला हवी. तू 'बारीक' म्हणालीस तेव्हा कळलं, ती समोरच्या बाजूला आहे."

"मग आला का नाहीत नंतर?"

"घाबरले. डब्यांवरून तू मला काय काय बोललीस! मला वाटलं, आता हीच मोडणार."

ग्योंगरानबाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं रडू. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं. डोळे भरले, नाक भरलं, आणि आवरता आवरता त्या भर खोलीत सुर्रकन नाक ओढून बसल्या.

सगळे थिजले. बांगसाहेबांच्या हातातला रुमाल अर्ध्यावर राहिला. इन्प्योनं आईच्या पर्सकडे पाहिलं. हेवोनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "सर्दी नाहीये!" ती कळवळून म्हणाली. "आईला सर्दी नाहीये हो!"

"सर्दी कुणी म्हटलं?" योंगसुनबाई करड्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली, रुमाल काढला, आणि पर्स परत खाली ठेवली. "मोहरी लागली विहीणबाईंना. मलासुद्धा लागली." आणि त्यांनी समोरचीपेक्षा दुप्पट मोठ्यानं नाक ओढलं. "इथली मोहरी फारच झणझणीत आहे बाई."

"आहेच," मेंगसाहेब घाईनं म्हणाले. बांगसाहेबांनीही जोरजोरात मान हलवली, हेवोननं श्वास सोडला आणि इन्प्योनं सगळ्यांना पाणी ओतलं. तेवढ्यात दार सरकलं आणि वाढणारी बाई मोहरीच्या कोशिंबिरीचं ताट घेऊन आत आली. उशीर झाला म्हणून तिनं माफी मागितली.